एक ते चार बंद

पणजीच्या अठरा जून रस्त्यावर दुपारी एकच्या सुमाराला शटरं खाली यायला लागतात. आधी कापडवाला, मग हार्डवेअर, मग चष्म्याचं दुकान. दीडपर्यंत फुटपाथवर सावली आणि मांजरं एवढंच उरतं. रात्रभर प्रवास करून आलेला मुंबईचा पाहुणा नेमका याच वेळेला आंघोळ उरकून, नवा टी-शर्ट घालून शहर बघायला बाहेर पडतो, आणि म्हणतो, "काय हे, सगळंच सुशेगाद!" निदान पुणेकराने तरी असं म्हणू नये.

सुशेगाद हा शब्द पोर्तुगीज 'सोसेगादो'वरून आला. अर्थ शांत, निवांत. त्याला आळशीपणाचा वास लावला तो बाहेरच्यांनी. मांडवीच्या पलीकडे मालीमच्या धक्क्यावर ट्रॉलर अंधारातच मासळी उतरवतात. उजाडायच्या आत पोदेराची, म्हणजे पाववाल्याची, भट्टी पेटलेली असते. सातला बाजारात पाट्या मांडून कोळणी बसलेल्या असतात. दुपारी एक वाजतो तेव्हा या शहराचे आठ तास भरलेले असतात. मग ते जेवतं, आडवं होतं आणि चारला पुन्हा उठून आठ-साडेआठपर्यंत राबतं.

पणजीत कुठे जायचं हे कुणीही सांगेल. शहर आहेच केवढं, जेमतेम आठ चौरस किलोमीटर, 2011च्या जनगणनेत 40 हजार माणसं. किती वाजता जायचं, हे विचारायचं मात्र राहून जातं. मग भाजी-पाव संपलेला असतो, थाळीतली चांगली मासळी गेलेली असते, कयाक चिखलात रुततो आणि गाणं रंगात येतं तोवर दहा वाजतात. माझ्या मते गोव्याबद्दलच्या निम्म्या तक्रारी चुकलेल्या वेळेच्या असतात.

सकाळ भाजी-पावाची. सात ते साडेनऊ. चर्च स्क्वेअर, म्युनिसिपल गार्डन आणि बाजार यांच्या मधल्या गल्ल्यांत टातो, भोसले, रियल, सेंट्रल अशी जुन्या वळणाची कॅफे आहेत. संगमरवरी नाहीतर सनमायकाची टेबलं, समोर कोण बसलंय याची फिकीर नाही, जागा दिसली की बसायचं. पातळ भाजी म्हणजे नारळाच्या रसातली वाटाण्याची, काही ठिकाणी चण्याची किंवा मुगाची. सुकी भाजी बटाट्याची. दोन्ही एकत्र हवी तर 'मिक्स' म्हणायचं. मिक्समध्ये खरी करामत प्रमाणाची असते. सुकी भाजी जास्त झाली की घास कोरडा लागतो, पातळ जास्त झाली की पावाचा लगदा होतो. जाणता वाढणारा बशीच्या मधोमध सुकी ठेवतो आणि कडेने रस सोडतो. सोबत एखादी मिरची भजी मागवावी, ती रसात बुडवून खाण्यासाठीच असते. नऊनंतर भाजी असते, पण तळाची, आटलेली. वाटाणे फुटून रस घट्ट झालेला असतो आणि त्यात पाणी घालून वेळ मारून नेलेली जिभेला लगेच कळते.

पाव एवढंच म्हणून गोव्यात भागत नाही. साधा चौकोनी पाव, उंडो, कात्रीने चिरल्यासारखा कातरो, बांगडीच्या आकाराचं कडक काकण, आणि कोंड्यासकट गव्हाच्या पिठाची पोयी. तिला काही जण पोळीही म्हणतात, तेव्हा पुरणपोळीवाल्यांनी गोंधळून जाऊ नये. पोयी आतून पोकळ, वरून कोंडा भुरभुरलेला. पूर्वी पीठ फुगवायला माडाची सूर, म्हणजे माडी, वापरत, आता बहुतेक भट्ट्यांत यीस्ट. पोदेर सायकलच्या मागे टोपली बांधून, रबरी भोंगा वाजवत सकाळी सहा-सातला येतो आणि दुपारची झोप झाली की चार-पाचला पुन्हा. पोयी घेतली की सहा तासांत खावी. प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवली तर वाफ कोंडून ती चामड्यासारखी होते. फडक्यात गुंडाळावी, आणि शिळी झालीच तर पाण्याचा हबका मारून तव्यावर दोन्ही बाजूंनी मिनिट-मिनिट शेकावी. मायक्रोवेव्हमध्ये ती आधी मऊ आणि मग दगड होते.

भाजी-पाव झाला की बाजार, कारण दहानंतर बाजार उतरायला लागतो. खरेदी करायची नसली तरी मासळीच्या बाजूने एक फेरी मारावी, म्हणजे दुपारी काय मागायचं ते कळतं. इसवण म्हणजे आपली सुरमई, चणाक म्हणजे खाडीतला पांढऱ्या मांसाचा जाड मासा, तारले, मुडदुशे, शेवटो, सुंगटं म्हणजे कोळंबी, तिसऱ्या. पाटीवर आज जे जास्त आहे ते आज चांगलं आहे, एवढा एक नियम पुरतो. 1 जून ते 31 जुलै यंत्राच्या होड्यांना मासेमारी बंद असते. त्या 61 दिवसांत ताटात आलेली सुरमई बहुधा बर्फातून आलेली किंवा लांबून आणलेली. तेव्हा खाडीतलं, शिंपल्यातलं आणि सुकं खावं. जुलै-ऑगस्टात रस्त्याच्या कडेला पानांच्या पुडीत रानातली अळमी, म्हणजे अळंबी, विकायला बसतात. भाव ऐकून माघारी फिरायला होतं, पण वर्षातून एकदा खिसा सैल करावा अशी ती गोष्ट आहे.

थाळीची वेळ सव्वाबारा. एकला रांग लागते आणि अडीचला वाढप्या "कढी आसा, नुस्तें सोंपलां" (कढी आहे, मासळी संपली) असं सांगून मोकळा होतो. ताटात उकड्या तांदळाचा भात, हुमण म्हणजे मासळीची आमटी, रव्यात तळलेला एक तुकडा, तिसऱ्यांचं सुकं, सुक्या सुंगटांचं किसमूर, एखादी भाजी, लोणचं, सोलकडी. किसमूर आणि सुकं यांच्याकडे पाहुण्यांचं लक्ष नसतं, सगळं लक्ष तळलेल्या तुकड्यावर. माझं मत उलट आहे. तळण कुणालाही जमतं. खानावळीची परीक्षा किसमुरात होते. सुंगटं नीट निवडलेली नसली तर दाताखाली कचकच येते, आणि भाजून आधीच मिसळून ठेवली तर ओल्या खोबऱ्याने मऊ पडतात. चांगल्या ठिकाणी ती वाढायच्या वेळेला कालवतात.

हुमणाबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण पर्यटकी हॉटेलात सर्वात जास्त बिघडतं ते हेच. बांगड्याचं तेफळ (तिरफळ) घातलेलं हुमण घ्या. चौघांना 6 मध्यम बांगडे, अर्ध्या नारळाचा चव, 8 ते 10 सुक्या ब्याडगी मिरच्या, चमचाभर धणे, अर्धा चमचा हळद, सुपारीएवढी चिंच, 10 ते 12 तेफळं. कांदा-लसूण काही नाही. तेफळाचा उपयोग सालीचा. आतली काळी बी आधी काढून टाकायची, ती राहिली तर रश्शात वाळूसारखी लागते आणि कडवटपणा आणते. साली थोड्या ठेचून अर्धी वाटी पाण्यात भिजत घालायच्या. वाटण अगदी गंधासारखं हवं. मिक्सरमध्ये घाईने फिरवलेला चव रवाळ राहतो, मग उकळी आली की पाणी वर आणि चोथा खाली असं हुमण फाटतं. दगडी रगड्यावर हे होत नसे, कारण तिथे वाटणाऱ्याचा हातच सांगत असे की अजून थांब. वाटण पातळ करून, मीठ घालून उकळी आणायची, मग बांगडे सोडायचे, तेफळं त्यांच्या पाण्यासकट घालायची आणि मंद आचेवर सहा-सात मिनिटं. डाव घालून ढवळायचं नाही, भांडं दोन्ही हातांनी धरून गोल हलवायचं, नाहीतर मासा मोडतो. शेवटी चमचाभर कच्चं खोबरेल. तेफळ बांगडा-तारल्यासारख्या तेलकट मासळीलाच शोभतं. सुरमईत ते घातलं की मासळीची चव झाकली जाते.

सोलकडीचा एकच मुद्दा. ती झगझगीत गुलाबी असेल तर बाटलीतल्या सरबताची समजावी. आमसुलं अर्धा तास गार पाण्यात भिजवून केलेली कडी फिकट, जराशी मळकट गुलाबी दिसते. कोकमाचं पाणी गरम असताना नारळाचं दूध घातलं तर ते फुटतं आणि वर कण तरंगतात.

सोमवार, गुरुवार, एकादशी असे वार-दिवस पाळणारी घरं इथे पुष्कळ. त्यांच्यासाठी खतखतं असतं, पाच किंवा जास्त भाज्यांचं, त्यातही तेफळ. शाकाहारी पाहुण्याने ते विचारून बघावं. पनीरच्या मागे लागून गोव्यात कुणाचं भलं झालेलं नाही.

आणि मग खरंच झोपावं. मार्च ते मे या काळात दुपारी दोनला फोंताइनाशमध्ये फोटो काढत फिरणारी माणसं बघून कीव येते. तिथे जायचं तर सकाळी सात ते साडेआठ. अल्तिन्हो टेकडीच्या पायथ्याची ही वस्ती, पिवळ्या, निळ्या, तांबड्या भिंतींची. पावसाळा संपला की रंग काढायची पद्धत जुनी, आणि पांढरा रंग चर्चसाठी राखून ठेवलेला असे म्हणतात. नाव पडलं ते झऱ्यामुळे, आणि तो झरा शेजारच्या मळा या वस्तीच्या बाजूला आहे. पण ही राहती घरं आहेत. कुणाच्या ओट्यावर चढून, दाराची कडी धरून फोटो काढणाऱ्यांना कंटाळून लोकांनी पाट्या लावल्या आहेत, त्या वाचाव्यात. जवळच 31 जानेरो नावाची 1930 सालची बेकरी आहे. बेबिंका घ्यायची तर तिथे किंवा म्युनिसिपल गार्डनजवळच्या मिस्टर बेकरकडे, तीही 1922 सालची. नारळाचं दूध, अंड्यातला पिवळा बलक, साखर, मैदा, तूप, जायफळ. एक थर ओतायचा, वरून निखारे ठेवून भाजायचा, त्यावर तूप, मग दुसरा थर, असे सात किंवा त्याहून जास्त. दुपार सगळी त्यात जाते. घाई केली की थर सुटत नाहीत, सगळ्याचा मिळून एक गोड खरवस होतो. थर बोटाने अलग करता आला पाहिजे. 2023 साली बेबिंकेला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून आवेष्टनं सुंदर झाली आहेत. आतल्या थरांचं सांगता येत नाही.

दुपारी झोप येत नसेल त्यांनी तियात्राला, म्हणजे कोंकणी संगीत नाटकाला, जावं. पहिलं तियात्र 1892 साली झालं, तेही मुंबईत. आजही वर्तमानपत्रात जाहिराती असतात, खेळ बहुधा दुपारी साडेतीनचा नाहीतर संध्याकाळी सातचा. पडदा पडला की नेपथ्य बदलेपर्यंत पडद्यापुढे येऊन कांतार गायचं, ही पद्धत. कथेशी त्या गाण्याचा संबंध असेलच असं नाही. सरकारवर, महागाईवर, सासू-सुनेवर, कशावरही असतं, आणि टाळ्या बहुतेक त्यालाच पडतात. मराठी कानाला कोंकणी पहिली दहा मिनिटं जड जाते, मग निम्मी कळायला लागते, आणि विनोद कळायला निम्मी पुरते.

साडेतीन-चारनंतर नदी. इथे घड्याळ बदलतं. ते भरतीचं असतं.

रायबंदरहून फेरीबोटीने समोरच्या चोडण बेटावर उतरलं की डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य, सुमारे 1.78 चौरस किलोमीटर खारफुटीचं. खाजणातल्या, म्हणजे भरतीच्या पाण्याच्या सखल खारजमिनीतल्या, या अरुंद पाटांत कयाक किंवा होडीने जायचं तर पाणी हवं, आणि पाणी दिवसातून दोनदाच पुरेसं असतं. कोकण-गोव्यात यासाठी जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट. प्रतिपदेपासून मोजलेल्या तिथीला पाऊणने गुणलं की पूर्ण भरतीची वेळ तासांत मिळते. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या आसपास. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. चतुर्थीला तीन. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, आणि पाट जितका आत तितकी भरती उशिरा पोचते. नक्की वेळ हवी तर मुरगाव बंदराचा भरतीचा तक्ता बघावा, पण बेत आखायला पाऊणपट पुरते.

संध्याकाळी वल्हवायचं तर सप्तमी ते नवमी हे दिवस उत्तम. भरतीच्या दीड-दोन तास आधी पाण्यात उतरायचं, चढत्या पाण्याबरोबर आत जायचं आणि पाणी थांबतं तेव्हा वळायचं. येताना ओहोटीचा हलका ओढ मदतीला येतो. अष्टमीच्या आसपास भांगेची भरती असते, पाणी कमी चढतं, पण ओढही कमी. पौर्णिमेच्या उधाणात पाणी भरपूर, पण उतरायला लागलं की झपाट्याने उतरतं, आणि नवखा माणूस तिथेच फसतो. आत किंगफिशर दिसला, फोटो काढता काढता वीस मिनिटं गेली, आणि वळून बघतो तर पाटात चिखल. अशा वेळी खाली उतरून कयाक ढकलायचा मोह होतो. उतरायचं नाही. तो चिखल मांडीपर्यंत घेतो, आणि खारफुटीच्या मुळांना चिकटलेल्या कालवांच्या कडा पाय ब्लेडसारखे कापतात. बसून राहायचं, टोपी घालायची, पाणी पुरवून प्यायचं. पाच-सहा तासांत भरती सोडवते. म्हणून माणशी एक लिटर पाणी न्यायचं, तासाभराच्या फेरीला सुद्धा.

दोघांच्या कयाकमध्ये जड माणूस मागे बसतो, कारण दिशा मागून धरली जाते. पुढे बसणाऱ्याने ताल धरायचा, मागच्याने तो पाळायचा. वाद बहुधा यावरूनच होतात, विशेषतः नवीन लग्न झालेल्यांत. लाइफ जॅकेटचे पट्टे बसल्यावर पुन्हा आवळायचे, उभं असताना घट्ट वाटलेलं जॅकेट बसलं की हनुवटीपर्यंत चढतं. फेब्रुवारीपासून दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटतो आणि मांडवीच्या रुंद पात्रात लाटा उठतात, तेव्हा पात्र ओलांडायच्या भानगडीत न पडता पाटातच राहायचं. कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत. त्या बघायला होडीतून जातात, हात पाण्यात सोडून नाही.

सायकलवाल्यांसाठी दिवाडी. पणजीहून रायबंदरच्या बांधावरून निघायचं. हा बांध 1633-34चा, तीन किलोमीटरहून थोडा लांब, एका बाजूला मांडवी आणि दुसऱ्या बाजूला मिठागरं, खाजणं. जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून फेरीने दिवाडी बेटावर, बेट ओलांडून पलीकडच्या फेरीने नार्वे. नार्व्याचं सप्तकोटेश्वराचं देऊळ मूळचं दिवाडीवरचं. ते पाडलं गेल्यावर देव पलीकडे नेला आणि 1668 साली शिवाजी महाराजांनी त्या देवळाचा जीर्णोद्धार केला. म्हणजे ज्या वाटेने देव गेला जवळपास त्याच वाटेने सायकल जाते. वाटेत खाजणाच्या बांधावर मानस दिसला तर थांबावं. लाकडी फळ्यांची झडप. भरतीचं पाणी बाहेरून रेटलं की ती आपोआप मिटते, ओहोटीला आतल्या पाण्याने आपोआप उघडते. ना मोटर, ना माणूस. फेरीत चढताना सायकलवरून उतरून हातात धरावी. ओहोटीला उघडा पडलेला उतार शेवाळलेला असतो, आणि तिथे पडणाऱ्यांत बहुसंख्य लोक चढतानाही पेडल मारणारे असतात.

समुद्राबद्दल थोडक्यात. मिरामार फिरायला, पोहायला नाही, तिथे नदीचं तोंड आहे आणि खालून ओढ असते. पोहायला लांबच्या किनाऱ्यांवर जायचं तर लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधल्या पट्ट्यात. लाल झेंडा असेल तर गुडघाभरसुद्धा नाही. ओढीत सापडलंच तर किनाऱ्याच्या दिशेने झगडू नये, किनाऱ्याला समांतर पोहावं, ओढीचा पट्टा अरुंद असतो. संध्याकाळी सहाला जीवरक्षक उतरले की पाण्यातून बाहेर. प्यालेल्याने तर सकाळीही उतरू नये. बुडण्याच्या बातम्यांत हे कारण पुन्हा पुन्हा येतं.

गोव्याचं संगीत म्हणजे गिटार आणि किनाऱ्यावरचा डीजे, ही समजूत मराठी पाहुण्याची विशेष. खरं तर त्याच्या सर्वात जवळचं वाद्य इथे घुमट आहे. मातीचा घडा, दोन्ही बाजूंनी उघडा. मोठ्या तोंडावर कातडं, लहान तोंड मोकळं. उजव्या हाताने कातड्यावर थाप, डाव्या तळव्याने लहान तोंड झाकायचं-उघडायचं. त्या उघडझापीने हवा कोंडते, सुटते आणि आवाज घुमतो, खाली जातो, पुन्हा उसळतो. पूर्वी कातडं घोरपडीचं असे. 1972च्या वन्यजीव कायद्याने ते बंद झालं, आता बकऱ्याचं. जुन्या वादकांच्या कानाला फरक बोचतो. बकऱ्याचं कातडं दमट हवेत लवकर सैल पडतं, आणि घुमटाचा मोठा हंगाम नेमका भाद्रपदातला. म्हणून वाजवायच्या आधी घुमटं शेकून घेतात, आणि रात्रभराच्या आरत्यांत मधून मधून पुन्हा. 2019 साली घुमट हे गोव्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर झालं.

घुमट आरतीत चार-सहा घुमटं, दोन काठ्यांनी वाजवायचं मातीचंच शामेळ, आणि कांसाळं म्हणजे झांजा. आरत्यांचे शब्द बहुतेक मराठी, चाली आपल्या ओळखीच्या नाहीत. धिम्या लयीत सुरू होऊन ओळ पुन्हा पुन्हा येते, दर फेरीला लय चढते आणि शेवटी फक्त वाद्यं बोलतात. हीच घुमटं ख्रिस्ती घरात लग्नाला मांड्याची साथ करतात, व्हायोलिनबरोबर. मांडो संथ, विरहाचा. तो संपला की उडत्या चालीची दुल्पोदं. एका मातीच्या भांड्यावर दोन धर्मांचं गाणं उभं आहे, हे पणजीत आरती स्पर्धा आणि मांडो महोत्सव एकाच मोसमात ऐकले की कानांनाच कळतं.

कांपालला मांडवीच्या काठी कला अकादमी आहे, चार्ल्स कोरियांनी आराखडा केलेली. आतल्या प्रेक्षागृहाला दीनानाथ मंगेशकरांचं नाव. तिथे मराठी नाट्यस्पर्धाही होतात आणि तियात्र स्पर्धाही. केसरबाई केरकरांच्या नावाचा संगीत समारोह असतो. केसरबाई फोंड्याजवळच्या केरीच्या, आणि 1977 साली व्हॉयेजर यानावरच्या सोनेरी तबकडीवर त्यांची भैरवी गेली, ती अजून सूर्यमालेबाहेर चालली आहे. शास्त्रीय मैफलीला वेळेवर जावं. पणजीकर दुपारी झोपतो, पण सहाची मैफल सहालाच सुरू करतो.

उघड्यावरच्या गाण्याला रात्री दहाची रेघ आहे. ध्वनिप्रदूषणाच्या 2000च्या नियमांनुसार दहा ते सहा बाहेर ध्वनिवर्धक बंद, वर्षातले काही ठराविक दिवस सवलत. म्हणून चांगले कार्यक्रम साडेसहा-सातलाच सुरू होतात आणि नऊला 'आता जाऊ' म्हणणाऱ्याला शेवटची दोन गाणी मिळतात.

याला अपवाद शिगमो. होळीनंतर निरनिराळ्या शहरांत मिरवणुका निघतात. रोमटामेळ, घोडेमोडणी, ढोल-ताशे आणि "ओस्सय ओस्सय"चा घोष. कार्निव्हल त्याआधीचा, पणजीत शनिवारी, राजा मोमो येऊन खा-प्या-मजा करा असं फर्मान काढतो. कार्निव्हलचे चित्ररथ आता निम्मे जाहिरातींचे वाटतात, म्हणून एकच बघायचं तर शिगमो बघावा. मिरवणूक जाहीर वेळेपेक्षा उशिरा निघते हे गृहीत धरावं. उभं राहायचं ते परीक्षकांच्या मंचाच्या थोडं अलीकडे. मंडळी वाटेत दम राखून चालतात आणि मंचासमोर सगळं ओततात. त्या दिवशी दुचाकी आत आणायचीच नाही. भाड्याची घेतली असेल तर पाटी काळी आणि अक्षरं पिवळी आहेत ना ते आधी बघावं. पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने देणं बेकायदेशीर, आणि पोलिसांसमोर उभं राहावं लागतं ते चालवणाऱ्याला. नाहीतर पिवळ्या-काळ्या मोटारसायकलचा पायलट, म्हणजे दुचाकी टॅक्सीवाला, करावा, भाडं बसायच्या आधी ठरवून. म्हापसा, मडगावला जायचं तर कदंब या सरकारी बससेवेच्या न थांबणाऱ्या शटल आहेत, तिकीट खिडकीवर काढून रांगेत उभं राहायचं.

चवथीला मात्र पणजीत येऊ नये. किंवा आदल्या दिवशी यावं, माटोळीचा बाजार बघावा आणि निघावं. गणपतीच्या डोक्यावर बांधायच्या माटोळीसाठी रानातली फळं, वेली, सुपारीचे घोस, नावंही ठाऊक नसलेल्या बिया, सगळं रस्त्यावर मांडलेलं असतं. दुसऱ्या दिवशी शहर रिकामं. सगळे गावच्या घरी. दोन-तीन दिवस भाजी-पावसुद्धा मिळायची पंचाईत.

मार्च ते मे हुर्राकाचे दिवस. काजूच्या बोंडांच्या रसाची पहिली धार, फेणीपेक्षा सौम्य, आणि न टिकणारी. लिंबू, मीठ, उभी चिरलेली हिरवी मिरची. सौम्य लागते म्हणून तिसरा पेला भरला जातो, तिथे घात होतो. न पिणाऱ्यांनी सकाळी नीरो, म्हणजे बोंडांचा ताजा रस, शोधावा. दुपारपर्यंत तो आंबतो.

आणि रात्री साडेनऊ-दहा, गाणं संपल्यावर, रोस ऑम्लेटचा गाडा. दोन अंड्यांचं कांदा-मिरची घातलेलं ऑम्लेट, त्यावर शागोतीचा रस, म्हणजे भाजलेलं खोबरं, खसखस, चक्रीफूल यांचा दाट रस, वर कच्चा कांदा, लिंबाची फोड, दोन पाव. रस आधी ओतून ठेवला की ऑम्लेट भिजून फाटतं. "रोस वेगळो दी" म्हणावं आणि आपल्या हाताने घासागणिक घ्यावा. गाडेवाल्याच्या पाठीमागे भिंतीला बहुधा कालनिर्णय टांगलेलं असतं. पाव येईपर्यंत उद्याची तिथी बघून ठेवावी. एकादशी असेल तर सव्वाआठला भरती, म्हणजे साडेसहाला रायबंदरच्या धक्क्यावर. परत येईपर्यंत दहा होतील, बाजार उतरायला लागलेला असेल, पण त्या दिवशी गिऱ्हाईक कमी, आणि बांगडा जरा स्वस्त.